पोटोमॅकच्या काठाने १८४.५ मैल: सी अँड ओ कालव्याच्या वाटेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉशिंग्टन डीसीतलं जॉर्जटाऊन ते मेरिलँडमधलं कंबरलँड, पोटोमॅक नदीला चिकटून जाणारी ही मातीची वाट १८४.५ मैलांची, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटरची आहे. रॉकव्हिल, जर्मनटाऊन, फ्रेडरिक या भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींना ती घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. खाली अंतरं मैलांत दिली आहेत, कारण वाटेवरचे खांब आणि नकाशे मैलच दाखवतात. शून्य मैल जॉर्जटाऊनला, आकडा नदीच्या वरच्या अंगाला वाढत जातो.

ही वाट मुळात कशाची?

खेचरांची. चेसापीक अँड ओहायो कालव्यातल्या कोळशाच्या बोटी खेचरं लांब दोराने ओढत, त्यासाठी कालवा आणि नदी यांच्या मधल्या बांधावर ही वाट केली होती. ४ जुलै १८२८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी कालव्याची पहिली कुदळ मारली आणि त्याच दिवशी बाल्टिमोरला बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वेचाही मुहूर्त झाला. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोचली, कालवा १८५० मध्ये. शर्यत तिथेच संपली होती. ओहायो नदीपर्यंत जायचा बेत सोडून दिला, नाव मात्र राहिलं. तरी १९२४ च्या पुरापर्यंत कालवा चालला.

१९५० च्या दशकात या जागी मोटाररस्ता करायचा घाट होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी १९५४ मध्ये रस्त्याची बाजू घेणाऱ्या संपादकांना ‘चला माझ्याबरोबर पायी’ असं जाहीर आव्हान दिलं आणि कंबरलँडहून सगळी वाट चालून काढली. १९७१ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली. आज चालणारे, पळणारे, सायकलवाले आणि बऱ्याच भागात घोडेस्वारही ती वापरतात.

सगळी सपाट आहे ना? मग अवघड काय?

सपाट आहेच. संपूर्ण वाटेची चढण ६०५ फूट. सकाळी सिंहगड चढून झुणका-भाकर खाऊन परत येणारा माणूस याच्या कितीतरी पट चढतो. चढणसुद्धा सलग नाही. कालव्यावर ७४ लॉक आहेत, म्हणजे बोट वर उचलायची किंवा खाली उतरवायची दगडी हौदासारखी कुंडं. प्रत्येक लॉकपाशी आठेक फुटांचा छोटा उंचवटा येतो, मध्ये पुन्हा परातीसारखी जमीन.

अडचण चढाची नाही, जमिनीची आहे. वाट चिकणमातीची, झाडांच्या सावलीतली, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला कालव्याचा ओलसर खड्डा. पावसानंतर ती लवकर वाळत नाही. कोरड्यात ताशी १० ते १२ मैल आरामात जाणारा सायकलस्वार चिखलात ६-७ वर येतो, आणि ५० मैलांचा दिवस पाच तासांऐवजी आठ तासांचा होतो. शिवाय सपाटीवर उतार नसल्यामुळे पॅडल मारणं थांबत नाही. पाय, बैठक आणि मनगटं यांना सुट्टी मिळत नाही. पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं खाली उतरा, दुसऱ्या दिवशी त्याची किंमत कळेल.

निघण्याआधी वाटेची अवस्था कशी कळेल?

तीन गोष्टी बघा. एक, उद्यानाच्या संकेतस्थळावरची बंद भागांची यादी. दरड, पूर, पुलांची दुरुस्ती यामुळे कुठला ना कुठला तुकडा बंद असतोच, आणि वळसा कधी एका मैलाचा तर कधी वाहतुकीच्या रस्त्यावरून असतो. दोन, पोटोमॅकची पाणीपातळी. पॉइंट ऑफ रॉक्स आणि लिटल फॉल्स इथली मोजमापं सरकारी संकेतस्थळावर सतत दिसतात. तीन, मागच्या दोन दिवसांतला पाऊस, तोही फक्त तुमच्या गावचा नाही. डीसीत ऊन असलं तरी पश्चिम मेरिलँडमध्ये पाऊस झाला असेल तर नदी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाली फुगते.

मैल ८५ ते ८८ दरम्यान ‘बिग स्लॅकवॉटर’ आहे. इथे कालवाच नव्हता, बोटी थेट नदीतून जात. कड्याला लागून पाण्यावर बांधलेली काँक्रीटची वाट २०१२ मध्ये पुन्हा खुली झाली. सगळ्या वाटेतला हा देखणा तुकडा, पण पुरात बंद होतो.

कोणती सायकल, कोणते टायर?

सायकल कुठलीही चालेल, टायर कुठलेही चालणार नाहीत. २५-२८ मिलिमीटरचे रोड टायर मऊ मातीत रुततात आणि मुळांवर आपटून ट्यूब चिमटली जाते. अशा पंक्चरला साप चावल्यासारखी दोन शेजारी भोकं पडतात, ती दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच समजा. ३५ मिलिमीटर हे किमान, ४० ते ५० उत्तम. हलकी खाच असलेला टायर घ्या. खोल दात्यांचा माउंटन टायर चिखल धरून बसतो.

मडगार्ड हवेतच, पण टायर आणि मडगार्ड यांच्यात करंगळी आरपार गेली पाहिजे. फट कमी असेल तर चिकणमाती आणि पानांचा लगदा आत ठासून बसतो, चाक जाम होतं आणि मग वाटेवर बसून काटकीने मडगार्ड कोरावं लागतं. मातीची जात आपल्याकडच्या काळ्या रानासारखी: ओली असताना बुटाला चिकटते, वाळली की विटेसारखी घट्ट.

इलेक्ट्रिक सायकल चालते, मात्र पॅडल मारल्यावरच मोटर साथ देते ती, वर्ग १ ची. वेगमर्यादा सगळ्यांना ताशी १५ मैल. मुक्कामाच्या साध्या जागी चार्जिंग नाही, त्यामुळे गावात राहणार असाल तरच हिचा विचार करा.

सोबत दुरुस्तीचं काय सामान हवं?

एका माणसामागे दोन ट्यूब, पंक्चरचा संच, टायर काढायचे दोन पट्टे, हातपंप, ॲलन चाव्यांचा जोड, चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या चेनला बसणारी एक जोडकडी. याखेरीज दोन वस्तू बहुतेक लोक विसरतात.

पहिली, मागच्या डिरेलरचा, म्हणजे गियर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर. हा ॲल्युमिनियमचा लहानसा तुकडा सायकलच्या प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो आणि वाटेतल्या दुकानात मिळायची शक्यता जवळजवळ शून्य. इथे तो का तुटतो? वाटेवर फांद्या पडलेल्या असतात. पुढचं चाक फांदीचं टोक दाबतं, दुसरं टोक उचललं जातं आणि मागच्या आऱ्यांत शिरून डिरेलर ओढून नेतं. म्हणून अंगठ्यापेक्षा जाड काटकी दिसली तर तिच्यावरून जाऊ नका, आणि खडखड ऐकू आली तर त्या क्षणी पॅडल थांबवा. एक पॅडल जास्त मारलं तर दोनशे रुपयांच्या कामाचं दहा हजारांचं होतं.

दुसरी, ब्रेक पॅडचा एक जोड. ओल्या मातीतली बारीक वाळू रिमवर आणि डिस्कवर पॉलिश कागदासारखं काम करते. तीन दिवसांच्या चिखलात नवे पॅड संपल्याची उदाहरणं आहेत.

संध्याकाळी चेनवर पाणी ओता, फडक्याने कोरडी करा, मग प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल, दहा वेळा पॅडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. मातीवर तेल ओतलं तर त्याची खरड तयार होते आणि ती दातेरी चाकं खाते.

चिखलाचा पट्टा आलाच तर कुठून जायचं?

वाटेवर बहुतेक ठिकाणी दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताची पट्टी असते. मधल्या पट्टीवरून जा. डबक्याच्या कडेने चाक घसरतं, कारण तिथे ओली मुळं तिरपी गेलेली असतात. मुळावर चाक शक्य तितकं काटकोनात जाऊ द्या, त्यावर ब्रेक दाबू नका, हँडल वळवू नका.

हॅन्कॉकच्या आसपास (मैल १२४) सुटका आहे. बिग पूलपासून लिटल ऑर्लिअन्सपर्यंत वेस्टर्न मेरिलँड रेल ट्रेल ही डांबरी वाट कालव्याला समांतर जाते. मधल्या इंडिगो बोगद्यात वटवाघळांची वस्ती असल्याने तेवढ्यापुरतं पुन्हा कालव्याच्या वाटेवर यावं लागतं. पावसाळी आठवड्यात डोळे मिटून डांबरी वाट धरा. त्यात कमीपणा नाही.

कोणत्या दिशेने जावं आणि किती दिवस ठेवावेत?

कंबरलँडहून डीसीकडे. उताराचा फायदा नगण्य आहे, खरं कारण रेल्वे. वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवरून ॲमट्रॅकची दिवसाला एकच गाडी कंबरलँडला जाते आणि सायकलींच्या जागा मोजक्या असतात, म्हणून तिकीट काढतानाच सायकलचंही आरक्षण करा. सुरुवात दूरच्या टोकाला केली की शेवटच्या दिवशी गाडी चुकण्याची धाकधूक राहत नाही.

चार दिवसांची सोपी विभागणी:

पहिला दिवस: कंबरलँड ते लिटल ऑर्लिअन्स, सुमारे ४४ मैल.
दुसरा: विल्यम्सपोर्टपर्यंत ४१.
तिसरा: ब्रन्सविकपर्यंत ४५.
चौथा: जॉर्जटाऊन, ५५.

चौथा दिवस लांब दिसतो, पण वाट तिथे तुलनेने बरी असते. शेवटच्या काही मैलांत गर्दी वाढते. तिथे शेजारून जाणारी डांबरी कॅपिटल क्रेसेंट ट्रेल जॉर्जटाऊनमध्ये उतरते. पहिल्यांदाच जात असाल आणि सायकलवर तंबू असेल तर पाच दिवस ठेवा. तीन दिवसांत करणारे खूप आहेत, त्यांना वाटेतलं काय आठवतं हा प्रश्न वेगळा.

मुक्कामाला पैसे लागतात का?

वाटेवर तीसएक ठिकाणी फक्त पायी किंवा सायकलने येणाऱ्यांसाठी तंबूच्या मोफत जागा आहेत. आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा, आणि एका जागी एकच रात्र. प्रत्येक ठिकाणी लाकडी टेबल-बाक, चुलीची जागा, फिरतं शौचालय आणि हातपंप. डीसीच्या बाजूने पहिली जागा स्वेन्स लॉकला, मैल १६.६ वर. त्याच्या अलीकडे तंबू ठोकता येत नाही, हे लक्षात न घेता रात्री आठला जॉर्जटाऊनहून निघालेले लोक अडकतात.

नदी आणि मालगाड्यांचा मार्ग दोन्ही जवळ आहेत. रात्री रेल्वेचा भोंगा अंगावर आल्यासारखा वाजतो, कानात घालायला बोळे ठेवा. खाणं तंबूत ठेवू नका. अस्वलं पश्चिमेकडच्या जंगलात आहेत, पण त्रास रकूनचा जास्त. पिशवीची चेन तो सफाईने उघडतो.

पंपाचं पाणी पिण्यासारखं असतं का?

उद्यानवाले त्याची तपासणी करतात आणि त्यात आयोडीन टाकतात, त्यामुळे रंग किंचित चहासारखा आणि चव औषधी लागते. चाचणीत नापास झालेल्या पंपाचा दांडाच काढून नेतात. तुम्ही पोचाल त्या पंपाला दांडा असेलच असं नाही, म्हणून माणशी निदान ३ लिटर पाणी भरून ठेवा आणि पंप दिसला की भरून घ्या, ‘पुढच्याला भरू’ म्हणू नका. चवीसाठी लिंबाचा रस घातला की आयोडीनचा वास बराच मरतो. थायरॉइडची औषधं चालू असतील किंवा सोबत गरोदर बाई असेल तर गावातलं नळाचं पाणी बरं. हिवाळ्यात पंप बंद असतात.

शाकाहारी माणसाचं खाण्याचं काय?

ब्रन्सविक, शेफर्डस्टाऊन (नदीपलीकडे, पुलावरून), विल्यम्सपोर्ट, हॅन्कॉक आणि कंबरलँड इथे पोटभर काहीतरी मिळतं. हॅन्कॉकच्या वर कंबरलँडपर्यंत ६० मैल दुकानं जवळजवळ नाहीत, मोबाइलची रेंजही बराच वेळ जाते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-पोळीचे तुकडे तीन दिवस टिकतात आणि ब्रेडसारखे चुरगळत नाहीत. घामातून मीठ जातं, म्हणून नुसत्या गोड एनर्जी बारवर राहू नका. चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू हा जुना उपाय इथेही चालतो. कचऱ्याचे डबे वाटेवर नाहीत, पुडी आणली तशी परत न्यायची.

पॉ पॉ बोगद्यातून सायकल नेता येते?

येते, पण उतरून, हातात धरून. हा बोगदा ३,११८ फूट लांब. १८३६ मध्ये काम सुरू झालं, दोन वर्षांत संपायचं होतं, संपलं १८५० मध्ये. आत साठ लाखांहून जास्त विटा आहेत. त्याने नदीची सहा मैलांची नागमोडी वळणं टाळली.

आत पूर्ण अंधार असतो. वाट अरुंद, खाचखळग्यांची, वरून पाणी टपकतं. मोबाइलचा दिवा पुरत नाही, डोक्याला बांधायची विजेरी हवी. दोन्ही हात हँडलवर राहतात म्हणून. समोरून कुणी येत असेल तर विजेरी खाली झुकवा, नाहीतर त्याला काहीच दिसत नाही. जाताना लाकडी कठड्यावर प्रकाश टाका: जुन्या लाकडात बोटभर खाचा आहेत. खेचरांच्या दोरांनी वर्षानुवर्षं घासून त्या पाडल्या. विहिरीच्या काठावर पोहऱ्याच्या दोराने दगड झिजतो, अगदी तसंच.

भारतातून आई-बाबा आले आहेत. त्यांना घेऊन कुठे जावं?

ग्रेट फॉल्स टॅव्हर्नला, मैल १४.३. स्वच्छतागृह, बाक, सपाट रुंद वाट, पाणी भरलेला कालवा, आणि ओल्मस्टेड बेटावरून धबधबा बघायला पुलांची सोपी वाट. फोनवर नुसतं ‘ग्रेट फॉल्स पार्क’ टाकू नका. ते व्हर्जिनियात, नदीच्या पलीकडे आहे, मध्ये पूल नाही, आणि गाडीने वळसा घालून यायला बराच वेळ जातो. गाडीमागे प्रवेशशुल्क आहे. शनिवार-रविवारी वसंतात सकाळी दहानंतर वाहनतळ भरतो.

मुलांना सायकलवर सोडायचं असेल तर गाडी स्वेन्स लॉकला लावा. तिथून ग्रेट फॉल्स २.३ मैल. जाऊन-येऊन पाचेक मैल होतात, सहा-सात वर्षांच्या मुलाला झेपतात. लॉकच्या कडेला मात्र मुलाला उतरवाच. दगडी भिंत सरळ खाली जाते आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही.

‘बिली गोट’ वाटेचा ए भाग याच परिसरात आहे. ती खडकांवर हातापायांनी चढायची वाट आहे, चप्पल घालून ‘थोडं पुढे जाऊन बघू’ म्हणण्यासारखी नाही.

नदीत पाय सोडून बसलं तर चालेल?

ग्रेट फॉल्सच्या परिसरात नाही. पोटोमॅकच्या घळीत पोहायला आणि पाण्यात उतरायलाही कायद्याने बंदी आहे. इथे नदी एका मैलाच्याही आत ७६ फूट खाली येते. वरून पाणी संथ दिसतं, खाली खडकांमध्ये ओढ आणि भोवरे असतात. चांगलं पोहता येणारी माणसंही इथे बुडाली आहेत.

वाटेवर कोण कुणाला वाट देतं?

सायकलवाल्याने सगळ्यांना. मागून येताना घंटी वाजवा, डावीकडून ओलांडा, गटात असाल तर एका रांगेत. घोडा दिसला की वेग अगदी कमी करा आणि घंटी न वाजवता माणसाच्या आवाजात बोला. अनोळखी टिणटिण ऐकून घोडा बुजतो, बोलण्याने त्याला कळतं की मागे माणूसच आहे. कालव्याला ओढे ओलांडून नेणाऱ्या दगडी पुलांवर सायकलवरून उतरायचं. मैल ४२.२ चा मोनोकसीचा सात कमानींचा पूल यातला सर्वात मोठा, ५१६ फुटांचा. कुत्रा सहा फुटांच्या पट्ट्यात.

गोचीड आणि विषारी वेलीची भीती कितपत खरी?

खरी. एप्रिल ते जुलैमध्ये गोचिडीची पिल्लं खसखशीएवढी असतात आणि लाइम रोग बहुतेक तीच देतात. उंच गवतात बसू नका. कपड्यांना आदल्या दिवशी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारून पूर्ण वाळवा (ओलं असताना मांजरीपासून दूर), अंगाला डीट हे कीटक पळवणारं औषध. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत बघा. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडी, तेल यातलं काही नको. पुढच्या महिनाभरात पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना तारीख सांगा.

पॉयझन आयव्हीची खूण मराठी माणसाला शिकवावी लागत नाही: पळसाला पानं तीनच, आणि हिलाही तीनच. मधल्या पानाचा देठ लांब, बाजूच्या दोघांचा आखूड. झाडावर चढलेला जुना वेल केसाळ दोरासारखा दिसतो, पानं नसतानाही तो तितकाच वाईट. लागल्याचं लक्षात येताच साबण आणि गार पाण्याने धुवा. सायकलच्या हँडललाही वेलीचं तेल लागलेलं असतं, तेही पुसा, नाहीतर पुरळ परत परत येतं.

ऋतू कोणता चांगला?

मेचा मध्य आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये डास आणि कोकणातल्यासारखा दमट उकाडा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पानांचे रंग सुंदर, पण गळलेल्या पानांखाली मुळं आणि खड्डे दिसत नाहीत, वेग उतरवा. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या जंगलात शिकारीचा हंगाम असतो, भगवं जाकीट घाला.

सप्टेंबरमध्ये वाटेवर सीताफळासारखा वास येतो तो कशाचा?

पॉपॉचा. ही झाडं सीताफळ-रामफळाच्याच कुळातली, बोगद्याच्या गावाला नावही त्यांचंच. कालव्याच्या काठी सावलीत झुडपांसारखी दाटीने वाढतात, पानं लांबट, टोकाकडे रुंद. फळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये पिकतं, हिरवट-पिवळं, कधी काळे डाग पडलेलं. फांदीवरचं कडक फळ तोडून उपयोग नाही. खाली पडलेलं, बोटाने दाबलं तर दबणारं घ्या, मधोमध कापा, चमच्याने गर खा. साल आणि बिया खाऊ नका. बिया सीताफळासारख्याच काळपट, पण बोटाच्या पेराएवढ्या आणि चपट्या. काहींना पोटात ढवळतं, म्हणून पहिल्यांदा अर्धंच फळ, आणि पुढे वीस मैल शौचालय नसलेल्या पट्ट्यात तर नकोच.